उखळ सरकवलं त्याची गोष्ट

ज्या गावची ही गोष्ट आहे ते गाव पडलं नव्हतं, नुसतं तडकलं होतं. तडकलेल्या गावांकडं फारसं कुणी कॅमेरा घेऊन जात नाही, त्यामुळं त्याचं नाव तुम्ही ऐकलेलं नसणार. मीही सांगत नाही. बोधकथेतल्या गावाला नाव लागत नाही. औशाच्या पुढं, तेरणेच्या अंगाला होतं एवढं पुरे. माणसं गोष्टीतली आहेत, पण त्यांच्या भोवतीची हकीकत मात्र खरी आहे.

३० सप्टेंबर १९९३. पहाटेचे तीन वाजून छप्पन्न मिनिटं. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती, गणपती बोळवून माणसं दमून झोपली होती. किल्लारी, सास्तूर आणि आसपासची गावं झोपेतच गाडली गेली. आठ-दहा हजार माणसं गेली. भूकंपाचा आकडा जगाच्या मानानं फार मोठा नव्हता; माणसं मारली ती घरांनी. मातीत रचलेल्या दगडांच्या दोन-तीन फूट रुंद भिंती, आणि वर माळवद. माळवद म्हणजे लाकडावर फूट-दीड फूट पांढऱ्या मातीचा थर. पाऊस गळू नये म्हणून उन्हाळ्याच्या शेवटी त्यावर आणखी चार टोपली माती. बापानं टाकली, लेकानं टाकली, नातवानं टाकली. उन्हाळ्यात थंडगार लागणारं ते छप्पर त्या पहाटे खाली आलं.

बावन्न गावं नव्या जागी वसवली गेली. तिथले रस्ते सरळ, घरं रांगेत, आणि जन्मभर भिंतीला भिंत लावून राहिलेले भाऊबंद दोन-दोन फर्लांग लांब. ते वेगळं दुखणं. आपलं गाव दुसऱ्या यादीत होतं. जागा तीच, घर तेच, पण त्याची दुरुस्ती आणि मजबुतीकरण करायचं. जागतिक बँकेचं कर्ज, सरकारचा कार्यक्रम, आणि शेकडो गावांत वाटायचे छापील फॉर्म.

ते फॉर्म घेऊन १९९५ च्या हिवाळ्यात नांदेडचा एक तरुण इंजिनिअर या गावात आला. गाव त्याला ‘विंजेर साहेब’ म्हणायचं. पोरगा हुशार होता, पैशाला हात न लावणारा होता, आणि कामाला वाघ होता. त्यानं आल्या आल्या गावची बैठक ठेवली. मारुतीच्या पारावर, सकाळी दहा वाजता. दवंडी दिली, नोटीस लावली. ठरल्या दिवशी पारावर आला तर कुत्रं नाही. एक म्हातारा गवंडी तेवढा काठी टेकत येत होता.

“कुणीच कसं नाही हो?”

“आज येळवस हाय साहेब. गाव रानात गेलंय. चला की तुम्ही बी, आंबील प्या.”

वेळ अमावस्येला लातूरकडचं गाव घरात सापडत नाही, हे इथल्या शेंबड्या पोरालाही कळतं. कडब्याच्या खोपीत पांडवांची पूजा, भज्जी, आंबील, आणि बोलावणं नसलेल्या पाहुण्यालाही जेवू घालायचं. इंजिनिअर नांदेड शहरात वाढलेला. त्याला येळवस ऐकून माहीत होती, तारीख डोक्यात नव्हती. वेळ नाही म्हणून तो आंबील न पिता परतला आणि वहीत लिहिलं : ‘ग्रामस्थांचा सहभाग नाही.’ सरकारी दप्तरात अशी किती वाक्यं पडून असतील आणि त्यातल्या कितींच्या मागं एखादी येळवस असेल, असं मला नेहमी वाटतं.

बैठक पुढं झाली. पारावर पुरुष, देवळाच्या भिंतीआड पदर सावरून बायका. त्यानं फळ्यावर घर काढलं, कोपऱ्यात सळया दाखवल्या, माळवदावरची माती का उतरवायची ते सांगितलं. छान सांगितलं. शेवटी विचारलं, “कुणाला काही शंका?” कुणी बोललं नाही. पाटलांनी आभार मानले. तो खूश झाला की लोकांना समजलं. लोक एकमेकांना विचारत घरी गेले की पैसे कधी मिळणार.

गावाच्या खालच्या आळीला एका म्हातारीचं तीन खणी घर होतं. नवरा जाऊन पुष्कळ वर्षं झालेली, लेक पुण्याला भोसरीत कंपनीत. घराच्या मागच्या कोपऱ्याला हात जाईल एवढी भेग. इंजिनिअरच्या हिशेबात ते घर सगळ्यात धोक्याचं आणि दुरुस्तीला सगळ्यात सोपं. तो कोपरा खणून पाया घ्यायचा, सळया उभ्या करून काँक्रीटचा खांब ओतायचा, वरची माती उतरवायची, झालं. म्हातारी मात्र सही करीना.

पहिल्यांदा तो गेला तेव्हा दारातून आत शिरताच त्याच्या पायाला उखळ लागलं. वाटेत, अगदी उंबऱ्यापासून चार पावलांवर, दगडी उखळ. अंगठा चोळत त्यानं फॉर्म काढला.

“माय, सही करा. सरकार पैसे द्यायलंय. घर पक्कं होईल.”

“नको बापू. त्या कोपऱ्याला हात लावू नको.”

“कोपराच तर पक्का करायचाय.”

“खालून आवाज येतो तितं.”

आता हे वाक्य त्यानं त्या भागात कितीदा ऐकलं होतं! १९९२ च्या ऑगस्टपासूनच किल्लारीकडं जमिनीखालून गुरगुर ऐकू येत होती. १८ ऑक्टोबर १९९२ ला मोठा हादरा बसला, भिंती तडकल्या. लोक अंगणात झोपायला लागले, अर्ज-विनंत्या झाल्या, तज्ज्ञ आले, यंत्रं आली. मग हादरे कमी झाले आणि माणसं पुन्हा आत झोपायला लागली. भूकंप कधी होईल हे आजही कुणाला सांगता येत नाही, तेव्हा त्या तज्ज्ञांना दोष देण्यात अर्थ नाही. पण गावकऱ्यांच्या बोलण्यात ‘कधी’ हा एकच प्रश्न नव्हता. या घरात झोपावं का, हा दुसराही होता, आणि त्याचं उत्तर भिंतीकडं बघून देता आलं असतं. ते असो. भूकंपानंतर तर ‘खालून आवाज येतो’ हे जो तो म्हणायचा. गाडी गेली तरी बायका लेकरं उचलून बाहेर पळायच्या. डॉक्टर यायचे, समजावून सांगायचे की मन घाबरलंय, होईल ठीक हळूहळू.

इंजिनिअरनंही तेच केलं. आणि चांगल्या मनानं केलं. उखळाशेजारी उकिडवा बसला, म्हातारीचा हात हातात घेतला. “माय, दोन वर्षं झाली आता. भ्या मनात बसलं की असे आवाज येतात. माझी आजी नांदेडला, तिलाबी यायचे. तुम्ही एकट्या राहता ना, म्हणून जास्त वाटतं.”

म्हातारी गप्प बसली. त्याला वाटलं पटलं. त्यानं फॉर्म पुढं केला, तिनं तो घडी घालून त्याच्याच खिशात परत ठेवला.

न ऐकणारा माणूस म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर खेकसणारा साहेब येतो. त्याचं एक बरं असतं, त्याला ऐकायचं नाही हे समोरच्याला कळतं तरी. दयाळू माणसाचं अवघड. त्याच्याजवळ उत्तर आधीच तयार असतं, तेही प्रेमाचं, आणि समोरच्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत तो ते हातावर ठेवतो. म्हातारीला ‘तू खोटं बोलतेस’ असं कुणीच म्हटलं नव्हतं. सगळ्यांनी तिचा हात धरला होता आणि सगळ्यांनी तिला गप्प केलं होतं. पुढच्या खेपांना ती आवाजाचं बोललीच नाही. नुसती “नको” म्हणायची. फॉर्मवर ‘संमती : नाही’ असं लिहिलं गेलं, आणि प्रत्येक खेपेला साहेबाचा पाय उखळाला लागत राहिला.

या कार्यक्रमात एक गोष्ट मात्र शहाणपणाची झाली होती. स्वयम् शिक्षण प्रयोग या संस्थेच्या पुढाकारानं गावोगावच्या बायकांना ‘संवाद सहायक’ म्हणून उभं केलं होतं. सरकार आणि घर यांच्यामधलं बोलणं करायचं, हे त्यांचं काम. या गावातली संवाद सहायक सातवी शिकलेली, पस्तिशीतली बाई होती. नात्यानं म्हातारी तिची लांबची आत्या लागायची.

इंजिनिअरनं तिला सांगितलं, “ताई, त्या माय ऐकतच नाहीत. तुम्ही समजावून बघा.”

ती गेली, पण समजावायला बसली नाही. म्हातारी तूर निवडत होती, हिनं दुसरं सूप ओढलं. दोघी निवडत बसल्या. हाताला काम असलं की बोलणाऱ्यावर नजरेचं ओझं पडत नाही, हे बायकांना कुठल्या वर्गात शिकवावं लागत नाही. पुण्याच्या सुनेचं झालं, बोरांचं झालं, कुणाच्या तरी म्हशीचं झालं. मध्ये बराच वेळ कुणीच बोललं नाही. ती गप्पता हिनं भरून काढली नाही, हे मला फार अवघड वाटतं. आपण असतो तर घसा खाकरून काहीतरी विचारलं असतं.

मग म्हातारीच म्हणाली, “विंजेर चांगला हाय गं पोरगा. पर त्याला आवाजाचं पटंना.”

“आत्या, आत्ता येऊ लालाय का आवाज?”

म्हातारीनं सूप खाली ठेवलं आणि हिच्याकडं वेड्यासारखं बघितलं. “आत्ता कसा येईल? आत्ता कुणी कांडू लालंय का?”

हिचे हात थांबले. “म्हणजे, कांडलं की येतो?”

“मग काय सांगू लाले मी? त्या कोपऱ्यात मुसळ घातलं की खाली धोम धोम वाजतंय. पैलं एवढं नव्हतं, भूकंप झाला तवापासून लई. म्हणून तर उखळ हिकडं वढून आणलं, दारात.”

सातवी शिकलेल्या बाईनं ‘आत्ता येतो का’ एवढं विचारलं होतं, आणि दोन वर्षांत ते कुणीच विचारलं नव्हतं. कारण आवाज म्हणजे काय ते प्रत्येकाला आधीच माहीत होतं.

तिनं कोपऱ्यातलं मुसळ उचललं आणि जमिनीवर ठोकत गेली. चुलीपाशी ठक. खांबापाशी ठक. मागच्या कोपऱ्याला दोन हात राहिले आणि जमीन ढोलासारखी बोलली.

संध्याकाळी तिनं इंजिनिअरला हे सांगितलं तेव्हा त्याच्या तोंडचं पाणी पळालं. जिथं तो खड्डा घेऊन काँक्रीटचा खांब उभा करणार होता, माणसं उतरवणार होता, वजन टाकणार होता, ती जागा पोकळ होती.

“पण तुम्ही विचारलं तरी कसं?” त्यानं विचारलं.

“काही नाही. ती म्हणली ते घेतलं आणि तिलाच परत विचारलं, असं का म्हणून.”

पोरगा शिकण्यात तरबेज. दुसऱ्या दिवशी लगेच प्रयोग. वरच्या आळीच्या एका आजोबांनी गाऱ्हाणं घातलं, “साहेब, पावसाळ्यात घर गळू लालंय.”

“म्हणजे तुमचं म्हणणं असं की, पावसाळ्यात घर गळतं.”

“मग मी काय म्हणलो?”

“म्हणजे तुम्हाला राग आलाय.”

“नव्हता. आता येऊ लालाय.”

संवाद सहायक पदराआड हसत होती. पुढं रस्त्यात ती म्हणाली, “साहेब, मी काय पोपटासारखं परत म्हणले नव्हते. मला खरंच कळलं नव्हतं, म्हणून विचारलं.” ऐकण्याच्या कौशल्यावर आता शिबिरं होतात. मान हलवा, डोळ्यांत बघा, समोरच्याचं वाक्य आपल्या शब्दांत म्हणून दाखवा, असं त्यांत शिकवतात. वाईट काही नाही त्यात. पण आपल्याला कळलेलं नाही ही शंका मनात नसेल, तर त्या माना हलवण्याला नंदीबैलाच्या मानेपेक्षा जास्त किंमत नाही.

म्हातारीचा कोपरा उकरायला घेतला. गवंडी होता, दोन गडी होते, बघ्यांची तर जत्राच. हातभर खाली पहार दगडावर वाजली. गोल, घडीव दगड. तो पाहून जुन्या माणसांनी एकदम ओळखलं : पेव!

पेव म्हणजे ज्वारी साठवायचं जमिनीतलं कोठार. तोंडाला अरुंद, पोटाला रुंद, मडक्यासारखं. आत कडबा, भुसा लावायचा, ज्वारी ओतायची, वर दगड आणि माती. उंदीर नाही, कीड नाही, चोराला पत्ता नाही. पत्ता लागू द्यायचा नाही हीच खरी खुबी, म्हणून घरातल्या सुनांनासुद्धा धड सांगत नसत. म्हातारीच्या सासऱ्याचं ते पेव. १९७२ च्या दुष्काळात रातोरात रिकामं झालं आणि मग कायमचं बंद झालं. पुढं धाकट्या दिरासाठी मागं खोली काढली तेव्हा भिंत त्याच्या कडेवरून गेली. तेव्हा म्हातारी बाळंतपणाला माहेरी होती. तिनं ते उघडं कधी पाहिलंच नव्हतं. तिला माहीत होता तो फक्त आवाज, आणि जेवढा माहीत होता तेवढा ती नेमका सांगत होती.

दगड सरकवला. कुबट वास आला. आतली खोली मोजल्याशिवाय किती भर लागेल ते कळणार नव्हतं. इंजिनिअरनं टेप गळ्यात टाकला, बॅटरी घेतली, पँट दुमडली आणि एक पाय आत घातला.

गवंडी मागं उभा होता. हाच तो येळवशीचा म्हातारा. साहेबाला अडवायचं म्हणजे आगाऊपणा, तो नुसता पुटपुटला, “जरा दम धरावा म्हणतो.”

महिन्यापूर्वी इंजिनिअरनं “काही होत नाही बाबा” म्हटलं असतं आणि उडी टाकली असती. आता पाय तसाच अधांतरी ठेवून त्यानं मान वळवली.

“कामून?”

“पेव लई दिसांनी उघडलं की आदी कंदील सोडत्यात.”

दोरीला कंदील बांधला. पेटता कंदील हळूहळू खाली गेला. पुरुषभरही गेला नसेल, ज्योत लवली, बारीक झाली आणि विझली. वर काढला, पुन्हा पेटवला, पुन्हा सोडला. पुन्हा तिथंच विझला.

बंद पेवात उरलेलं धान्य, भुसा, ओल सगळं कुजत राहतं. त्यानं आतला प्राणवायू संपतो आणि जड, विषारी हवा तळाला साचून बसते. तिला रंग नसतो. उतरलेला माणूस दोन श्वासांत कोसळतो, त्याला काढायला दुसरा उतरतो, तोही. जुन्या खेड्यांतून अशा हकीकती ऐकायला मिळतात. इंजिनिअरला हे शास्त्र माहीत नव्हतं असं नाही. परीक्षेत त्यावर उत्तर लिहून तो मार्कही मिळवून बसला होता. फक्त या खड्ड्याशी त्याचा संबंध लावायला म्हातारा गवंडी लागला. त्यानं जन्मभर अशी घरं बांधली होती, तरी फॉर्मवर त्याच्यासाठी रकाना नव्हता.

पाय बाहेर आला. पेव दोन दिवस उघडं ठेवलं, सूप-पोत्यांनी वारा घातला, कंदील तळाला जाऊन जळत राहिला तेव्हाच गडी उतरले. मग गाड्यांनी मुरूम आणून, पाणी मारून, थरावर थर चोपून ते भरलं. पाया घेतला, खांब उभा राहिला. म्हातारीनं सही केली, म्हणजे अंगठा दिला. तोही खांब हातानं थोपटून, खाली मुसळ आपटून, कान देऊन बघितल्यावर. ठक वाजलं.

उखळ मूळ जागी न्यायला दोन गडी लागले.

इंजिनिअर निघाला. औशाहून नांदेडची गाडी गाठायची होती, जीपवाला बाहेर हॉर्न वाजवत होता. म्हातारीनं चहाचं भांडं चुलीवर चढवलं.

“कोपऱ्याचं झालं बापू. आता माळवदाचं ऐक.”

“माळवदाचं काय, माय?”

तो उंबऱ्यात बसला आणि जीपवाल्याला हातानंच ‘जा’ म्हणून खूण केली. मग म्हातारीनं माळवदाचं सांगायला आपल्या लग्नाच्या वरातीपासून सुरुवात केली.